धावावे की सायकल चालवावी?

"सायकल चांगली की जॉगिंग?" असे विचारणाऱ्याच्या मनात खरे तर तीन प्रश्न असतात. दम वाढेल का? वजन उतरेल का? आणि उतारवयात हाडे साथ देतील का? पहिले दोन प्रश्न सगळेच विचारतात. तिसरा फारसा कोणी विचारत नाही. आईचे किंवा मावशीचे मांडीचे हाड न्हाणीघरात घसरून मोडले की मग त्याची आठवण होते. सायकल आणि धावणे यांच्यातला खरा फरक मात्र या तिसऱ्या प्रश्नातच आहे. म्हणून या प्रकरणात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लवकर आटोपू आणि हाडांसाठी जास्त जागा ठेवू.

१. अंगमेहनत कुठे गेली?

उरणजवळचे न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले. मुंबईच्या जुन्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या पाठीवरून पोती वाहिली गेली. ओझी वाहणाऱ्या कामगारांना संरक्षण देण्यासाठी महाराष्ट्राला १९६९ मध्ये माथाडी कायदा करावा लागला, इतके हे काम मोठे आणि कष्टाचे होते. न्हावा-शेवा हे पुढच्या काळातले बंदर. इथे माल बंद कंटेनरमधून येतो, क्रेन तो उचलते आणि ट्रेलर तो वाहून नेतो. क्रेन ऑपरेटर जमिनीपासून उंचावरच्या केबिनमध्ये बसून, मान खाली घालून, तासन्‌तास डोळ्यांत तेल घालून काम करतो. हे काम कौशल्याचे आहे आणि थकवणारेही आहे, पण त्यात पाय जागचे हलत नाहीत. ट्रेलरचा ड्रायव्हर, गोदामातला कारकून, कस्टमची कागदपत्रे करणारा क्लिअरिंग एजंट, सगळे बसूनच काम करतात.

याच परिसरातल्या आधीच्या पिढीने मिठागरात मीठ ओढले, खाडीत जाळी ओढली, गुडघाभर चिखलात भाताची लावणी केली. त्या कष्टांचे गोडवे मला गायचे नाहीत. त्यांनी अनेकांच्या कमरा मोडल्या, आणि ते दिवस परत यावेत असे कोणालाही वाटणार नाही. पण त्या कामातून हृदयाला आणि हाडांना न मागता काहीतरी मिळत होते. ते आता आपल्याला वेळ काढून, ठरवून द्यावे लागते. व्यायाम कोणता करावा हा प्रश्न इथूनच उभा राहतो.

२. मेहनत मोजायची कशी?

स्वस्थ बसलेले असतानाही शरीर ऊर्जा खर्च करत असते. ढोबळमानाने हा खर्च दर किलो वजनामागे तासाला १ कॅलरी इतका असतो. (बोलीभाषेत ज्याला आपण कॅलरी म्हणतो ती शास्त्रज्ञांची किलोकॅलरी.) या बसल्या जागेच्या खर्चाला एक पट म्हणायचे आणि बाकीच्या हालचाली त्याच्या किती पट आहेत ते पाहायचे. संशोधकांनी शेकडो कामांसाठी असे आकडे काढून ठेवले आहेत. ताशी ८ किलोमीटर वेगाचे जॉगिंग बसण्याच्या सुमारे ८.३ पट पडते. ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगाने सायकल चालवणे सुमारे ६.८ पट, आणि त्याहून सावकाश, रमतगमत चालवलेली सायकल सुमारे ४ पट.

आता ७० किलो वजनाचा माणूस घेऊ. अर्धा तास जॉगिंग केले तर ८.३ गुणिले ७० गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे २९० कॅलरी. तेवढाच वेळ बऱ्यापैकी वेगाने सायकल मारली तर सुमारे २४०. रमतगमत सायकल चालवली तर १४०.

वेळेऐवजी अंतर धरले तर फरक आणखी वाढतो. धावताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण १ कॅलरी लागते. सपाट रस्त्यावर सायकलला लागते साधारण ०.४. म्हणजे आपल्या माणसाला ५ किलोमीटर धावण्याइतकी ऊर्जा सायकलवर खर्च करायची तर साडेबारा किलोमीटर जावे लागेल. कारण सोपे आहे. धावताना प्रत्येक पावलाला सगळे शरीर किंचित वर उचलावे लागते आणि पुन्हा झेलावे लागते. सायकलवर शरीराचा भार सीट आणि चाके पेलतात आणि पायांना फक्त पुढे ढकलायचे काम उरते. शिवाय उतारावर पॅडल न मारताही सायकल चालतेच. धावणाऱ्याला अशी सवलत नाही.

यात समुद्राचा वारा धरलेला नाही. उरणच्या बाजूला दुपारनंतर समोरून वारा आला की सायकलस्वाराचा वेग निम्म्यावर येतो आणि दम मात्र तेवढाच लागतो. म्हणून सायकलवर किलोमीटर मोजण्यापेक्षा श्वास मोजलेला बरा. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत धाप लागली की व्यायाम मध्यम झाला. दोन-चार शब्दांनंतर थांबावे लागले की जोरदार झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार व्यायाम सांगते. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही सांगते. हे शेवटचे वाक्य बहुतेकांच्या नजरेतून निसटते.

३. वजनाचा हिशेब

वर काढलेल्या २९० कॅलरींतून ३५ वजा करा, कारण तो माणूस घरी बसून राहिला असता तरी तेवढ्या खर्च झाल्याच असत्या. उरल्या २५५. आठवड्यातून पाच दिवस धावला तर सुमारे १,२७५. शरीरातली १ किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. म्हणजे जेवण तेवढेच ठेवले तर १ किलो उतरायला ६ आठवडे. वेगाने चालवलेल्या सायकलवर साडेसात आठवडे. रमतगमत सायकलवर जवळजवळ १५.

हे गणित कागदावरचे आहे. प्रत्यक्षात वजन उतरू लागले की शरीराचा खर्चही थोडा कमी होतो, त्यामुळे वेग मंदावतो. तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. एका वडापावात सुमारे ३०० कॅलरी असतात, म्हणजे अर्ध्या तासाचे धावणे गाडीवर उभ्या उभ्या पाच मिनिटांत भरून निघते. वजनाच्या बाबतीत सायकल की धावणे हा वाद घालण्यापेक्षा ताटाकडे पाहणे जास्त कामाचे. व्यायामाचा मोठा उपयोग आहे तो उतरलेले वजन परत चढू न देण्यासाठी.

धावून आल्यावर काटा अर्धा-पाऊण किलो कमी दाखवतो तेव्हा हुरळून जाऊ नये. खाडीकाठच्या दमट हवेत घाम भराभर जातो. ते पाणी आहे, चरबी नाही, आणि ते पिऊन भरून काढलेच पाहिजे.

वजन ९०-९५ किलोच्या पुढे असेल, तर मी सुरुवातीला सायकलच सुचवीन. मिनिटाला धावणे जास्त खर्चाचे असले तरी जड माणसाला ते दहा मिनिटेही झेपत नाही. सायकलवर तोच माणूस पाऊण तास टिकतो. दहा मिनिटांच्या धावण्यापेक्षा पाऊण तासाची सायकल त्याला कितीतरी जास्त देते.

४. हृदय दोघांनाही मानते

इथे वाद नाही. अमेरिकेत ५५ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले, की धावणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. दिवसाला ५ ते १० मिनिटे हळू धावणाऱ्यांनाही त्याचा लाभ होता. ब्रिटनमध्ये अडीच लाखांवर लोकांच्या २०१७ च्या पाहणीत सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये हा आकडा सुमारे ४१ टक्के होता. दोन्ही पाहण्या वेगवेगळ्या लोकांच्या आहेत, त्यामुळे ४१ हे ३० पेक्षा मोठे म्हणून सायकल जिंकली असा अर्थ काढता येत नाही. शिवाय सायकल चालवणारे लोक मुळात थोडे अधिक निरोगी असण्याची शक्यताही राहते.

सायकलची हृदयासाठी एक जमेची बाजू आहे. आदळआपट नसल्यामुळे ती फार वेळ चालवता येते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण करून आले. तेवढे अंतर तेवढ्या दिवसांत कोणतेही दोन धावपटू वाटून घेऊनही धावू शकणार नाहीत. त्याच नाशिक जिल्ह्याच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावून कांस्यपदक मिळवते. हृदय दोन्ही वाटांनी तयार होते. हाडे मात्र तसे मानत नाहीत.

५. हाडांना काय कळते?

हाड म्हणजे चुनखडीसारखी निर्जीव वस्तू, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते जिवंत असते आणि आयुष्यभर मोडून पुन्हा बांधले जात असते. करंजा बंदरावर जाळी दुरुस्त करणारा कोळी पाहिलात तर ही गोष्ट चटकन समजेल. तो जीर्ण दोरा कापतो, नवा ओवतो, आणि जिथे माशांचा ताण येतो तिथे दोन फेरे जास्त घालतो. हाडातही काही पेशी जुना भाग पोखरून काढतात आणि काही नवा भाग भरतात. कुठे जास्त भरायचे ते ताण कुठे पडतो यावर ठरते. जर्मन शल्यवैद्य यूलिउस वोल्फ यांनी हे सूत्र १८९२ मध्ये मांडले. टेनिसपटूंच्या रॅकेटच्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते, ते याच कारणाने.

पण ताण म्हणजे कसला ताण? हाडाला आवडतो तो जोराचा, झटक्याचा आणि बदलता ताण. चालताना पायावर शरीराच्या वजनापेक्षा थोडाच जास्त भार येतो. जॉगिंग करताना प्रत्येक पावलाला दोन ते तीन पट भार येतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या पायावर १४० ते २१० किलो, क्षणभरासाठी, आणि अर्ध्या तासात साडेचार-पाच हजार वेळा. सायकलवर बसून पॅडल मारताना पायावर येणारा जोर साधारण शरीराच्या वजनापेक्षाही कमी असतो, तो गोल फिरत हळूहळू वाढतो आणि हळूहळू ओसरतो. स्नायू दमतात, छाती भरून येते, पण मांडीच्या आणि कण्याच्या हाडांपर्यंत कोणताही झटका पोहोचत नाही. त्यांना वाटते, हा माणूस खुर्चीत बसला आहे.

याचा पुरावा दोन अगदी वेगळ्या ठिकाणी सापडतो. पहिला अंतराळात. १९७३-७४ मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळ स्थानकावर व्यायामाची सायकल होती आणि अंतराळवीर ती नेमाने चालवत. हृदय टिकले, पण शरीरातले कॅल्शियम कमी होत राहिले आणि टाचेचे हाड विरळ होताना दिसले. वजनरहित अवस्थेत खुब्याच्या हाडाची घट महिन्याला १ ते दीड टक्का होते. म्हणून आजच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सायकलबरोबर पट्ट्यांनी खाली ओढून धरणारी धावण्याची यंत्रपट्टी आणि वजन उचलल्यासारखा ताण देणारे यंत्रही आहे.

दुसरा पुरावा जमिनीवरचा. अमेरिकेच्या मिसूरी विद्यापीठात २७ सायकलपटू आणि १६ धावपटू पुरुषांची हाडे तपासली गेली. २००८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार कण्याचे किंवा खुब्याचे हाड विरळ झालेले सायकलपटू ६३ टक्के होते आणि धावपटू १९ टक्के. माणसे थोडी होती हे खरे, पण हे सगळे नियमित व्यायाम करणारे, सडपातळ, तंदुरुस्त पुरुष होते. त्यांच्याकडे पाहून कोणाला शंकाही आली नसती.

इथे 'विरळ' म्हणजे काय ते सांगायला हवे. हाडांची घनता डेक्सा नावाच्या क्ष-किरण तपासणीने मोजतात. तुमचे हाड निरोगी तरुण माणसाच्या सरासरीपेक्षा किती खाली आहे हे टी-स्कोअर या आकड्यात येते. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर हाड विरळ होऊ लागले आहे. उणे २.५ किंवा त्याखाली गेले तर हाडांचा ठिसूळपणा. पन्नाशीनंतर, आणि स्त्रियांनी पाळी थांबल्यावर, डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारावे असे मी आवर्जून सांगेन. भारतीय स्त्रियांची पाळी बहुधा चाळिशीच्या उत्तरार्धात थांबते, पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा लवकर, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हाडांची घट सगळ्यात वेगाने होते.

आता मला या विषयात सर्वांत आनंद देणारा प्रयोग. १९८४ मध्ये रुबिन आणि लॅन्यन या दोन संशोधकांनी कोंबड्यांच्या पंखातले एक हाड इतर सर्व ताणांपासून वेगळे केले आणि त्यावर रोज ठरावीक वेळा यंत्राने दाब दिला. काहीच दाब न मिळालेले हाड झिजले. दिवसाला फक्त ४ वेळा दाब मिळाला तेव्हा झीज थांबली. ३६ वेळा दिल्यावर हाड वाढले. मग त्यांनी ३६० वेळा आणि १,८०० वेळा दाब देऊन पाहिला, तर ३६ पेक्षा जास्त काही मिळाले नाही. काही डझन झटक्यांनंतर हाड पुढच्या झटक्यांकडे लक्षच देत नाही. त्याला हवी असते विश्रांती, आणि मग पुन्हा थोडे झटके.

याचा अर्थ हाडांसाठी दहा किलोमीटर धावण्याची गरज नाही. २५ ते ५० वयाच्या स्त्रियांवरच्या एका अमेरिकन प्रयोगात, जागच्या जागी दिवसातून दोन वेळा १० ते २० उड्या, प्रत्येक उडीनंतर अर्ध्या मिनिटाची विश्रांती, असे १६ आठवडे केल्यावर खुब्याच्या हाडाची घनता सुधारली. सायकल सोडायची नाही असे ठरवलेल्या माणसाला हा केवढा दिलासा आहे! त्याने सायकल चालवावी, आणि घरी आल्यावर मोजक्या उड्या माराव्यात, जिने चढावेत, वजन उचलावे. ज्यांची हाडे आधीच ठिसूळ झाली आहेत त्यांनी मात्र उड्या मारू नयेत. त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेले वजनाचे व्यायाम, भरभर चालणे आणि तोल सांभाळण्याचा सराव करावा, कारण त्यांच्यासाठी पडणे टाळणे हाच मोठा उपचार आहे.

धावणाऱ्यांनाही एक इशारा. कमी खाऊन खूप धावणाऱ्या मुलींची पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि मग धावण्यामुळे मजबूत होणारी हाडेच धावताना तडकतात. प्रशिक्षकाने आणि आईवडिलांनी पाळीबद्दल संकोच न करता विचारायला हवे.

६. झटके दिले, पण माल आहे का?

झटका म्हणजे नुसता हुकूम. बांधायला कॅल्शियम लागते आणि ते रक्तात शोषले जायला ड जीवनसत्त्व. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढांना दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, पाळी थांबलेल्या स्त्रियांना १,२००. उरणच्या घरांतली रोजची तांदळाची भाकरी चवीला उत्तम, पण तिच्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली, सुका जवळा, दूध, दही, तीळ हे बाकीचे स्रोत. इथल्या कोळणींच्या स्वयंपाकात सुकट पूर्वीपासून आहे. तिला गरिबीचे जेवण समजून ताटातून घालवू नये.

ड जीवनसत्त्वाबाबत एक गैरसमज फार पसरला आहे. पहाटे सहाला धावून आल्यावर "ऊन मिळाले" असे लोक म्हणतात. कोवळ्या उन्हात ते जीवनसत्त्व बनवणारे किरण फारच कमी पोहोचतात. ते दुपारच्या आसपासच्या उन्हात असतात, आणि त्या वेळी आपण केबिनमध्ये किंवा कचेरीत असतो.

७. आणि गुडघे?

"धावल्याने गुडघे झिजतात" हे वाक्य इतक्यांदा ऐकू येते की ते खरेच वाटू लागते. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या सांधेझिजेचे प्रमाण साडेतीन टक्के होते, बैठे आयुष्य जगणाऱ्यांमध्ये सुमारे १० टक्के, आणि स्पर्धेसाठी प्रचंड धावणाऱ्यांमध्ये सुमारे १३ टक्के. म्हणजे बेताने धावणे गुडघ्याला मारक नाही. मारक आहे ते एकदम सुरू करणे. पहिल्या महिन्यात दोन मिनिटे चालणे, एक मिनिट धावणे असे आलटून-पालटून करावे. एक दिवस धावले की दुसरा दिवस विश्रांतीचा.

सायकलवर गुडघा दुखत असेल तर बहुधा सीट खाली असते. पॅडल सर्वांत खाली आल्यावर गुडघ्यात किंचितच वाकण राहील एवढी सीट वर घ्यावी. ज्यांचा गुडघा आधीच झिजला आहे त्यांना डॉक्टर सायकल सांगतात, ते योग्यच आहे.

८. न्हावा-शेव्यात नेमके काय करावे?

पुस्तकातला सल्ला रस्त्यावर येऊन अडखळतो. बंदरातून वर्षाला ६० लाखांहून अधिक कंटेनर-एकके ये-जा करतात आणि त्यांतले बरेच ट्रेलरवरून जातात. करळ फाटा, गव्हाण फाटा, पळस्प्याकडे जाणारा महामार्ग, या रस्त्यांवर सायकल चालवा असे मी कोणालाही सांगणार नाही. ट्रेलरच्या ड्रायव्हरला डाव्या कुशीचा सायकलवाला दिसतच नाही, मग तो कितीही काळजीने चालवत असो. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीपासून थेट इथे उतरतो, पण त्यावर सायकल आणि पादचारी दोघांनाही बंदी आहे. एवढी जागा बंदरासाठी दिलेल्या गावांना जड वाहनांपासून वेगळी अशी एक सायकलवाट मिळायला हवी. ही मागणी अवाजवी नाही.

तोवर इथे धावणेच अधिक सोयीचे ठरते. त्याला जागा कमी लागते. बंदराच्या वसाहतीतले अंतर्गत रस्ते, द्रोणागिरी नोडमधले सकाळचे मोकळे रस्ते, पीरवाडीच्या किनाऱ्यावरची ओली घट्ट वाळू, यांपैकी जवळ असेल ते निवडावे. नेरुळ-उरण लोकलने रोज जाणाऱ्यांनी घरापासून स्टेशनपर्यंतचे अंतर सायकलने काटले आणि स्टेशनचे जिने पायांनी चढले तर दोन्ही व्यायाम प्रवासातच होऊन जातात.

ज्याला दोन्ही जमते त्याने आठवड्यातले तीन दिवस सायकल आणि दोन दिवस बेताचे धावणे ठेवावे, आणि त्याशिवाय दोन दिवस वजने किंवा जोर-बैठका. वयाच्या पंचेचाळिशीपुढे, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, किंवा चालताना छातीत दाटत असेल, तर सुरुवातीआधी डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

आणि पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे रस्त्यांवर पाणी, खड्डे आणि चिखल असतो, आणि बहुतेकांचा व्यायाम याच चार महिन्यांत सुटतो. तेव्हा इमारतीचा जिना वापरावा. तीन-चार मजले दहा वेळा चढावेत, उतरताना कठडा धरून हळू उतरावे, आणि खाली पोहोचल्यावर कोरड्या फरशीवर, चप्पल न घालता बुटांत, दहा उड्या माराव्यात.